म्हसोबाची धार आणि नऊच्या गोळ्या

माझ्या तिन्ही नातवंडांनो,

रविवारी व्हिडिओवर बोलताना मधल्यानं विचारलं, "आजी, दिवाळीला येतो तेव्हा आबांसाठी एक चांगली बाटली आणू का? इथले डॉक्टर म्हणतात, किडनी बदललेल्या माणसाला थोडी चालते." थोरली त्याला दटावू लागली, धाकटी हसली, आणि तुमचे आबा चष्मा पुसायच्या निमित्तानं फोनसमोरून उठून गेले. मी म्हटलं, "लिहून कळवते." तुम्हाला वाटलं असेल, आजीची नेहमीचीच खोड, साध्या प्रश्नाला वहीभर उत्तर. पण याच प्रश्नाचं उत्तर मी एकदा एका वाक्यात दिलं होतं आणि ते फार महागात पडलं. म्हणून या खेपेला सगळं लिहिते.

बाटली आणू नका, हे आधीच सांगून टाकते. आता कारण वाचा.

आबांना विचारूनच लिहायला बसले आहे. ते म्हणाले, "लिहिजो. पन तुहं बी लिहिजो, निसतं माहंच नोको." तेव्हा माझंही येईल.

तुम्ही पाहिलेले आबा म्हणजे सकाळ-संध्याकाळ नऊला गोळ्या घेणारे, उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली काखेत मारून लग्नाला जाणारे, दुसऱ्याच्या घरची चटणी बोटानं बाजूला सारणारे. त्याआधीचे आबा तुमच्या वाट्याला आले नाहीत. ते मंगरूळपीरच्या आपल्या घराच्या अंगणात, कवठाच्या झाडाखाली, बाजेवर मांडी घालून बसत आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला त्यांचे चार सोबती येत. आबा धरून पाच. एक एसटीत कंडक्टर होते. एकांचा गावाला लागून भाजीचा मळा होता. एक प्राथमिक शाळेत मास्तर, आणि एक तहसीलमध्ये कारकून. मध्ये पितळी परात. परातीत भाजलेल्या शेंगा, चिरलेला कांदा, मळ्यातल्या हिरव्या मिरच्या, आणि कधी मी, तोंड वाकडं करून का होईना, तळून दिलेली डाळ. आणि अर्थात ग्लास.

मी अमरावतीला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. घरात दारू पिणं ही गोष्ट मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच खटकली आणि पुढं पंचवीस वर्षं खटकत राहिली. मी आतल्या खोलीत खिडकीशी बसून वह्या तपासायचे आणि मुद्दाम खुर्ची ओढून आवाज करायचे. बाहेर त्याचाही विनोद व्हायचा.

"आज बाईंचा पेपर कडक हाय वाटते," मास्तर म्हणायचे.

"आपन सारेच नापास, गड्या," आबा.

कंडक्टर ग्लास भरताना बसमधला आवाज काढायचे, "चला, पुढं सरका, पुढं सरका! मांगं लय जागा हाय!" आणि ग्लास खरोखरच हातोहात पुढं सरकायचे. मळेवाले मिरच्यांची पुडी खिडकीतून माझ्याकडे देत. "वयनी, ह्या घरासाठी. बाहेरच्या आमच्या. अदलाबदल नोको, तिकडच्या लय तिखट हायेत."

तुम्हाला हे सांगताना मला लाज वाटत नाही, की मी वह्या कमी तपासायचे आणि बाहेरचं जास्त ऐकायचे. कंडक्टरांच्या गाडीत शिरपूरच्या यात्रेकरू बाईनं तिकिटाऐवजी लाडू काढून दिला होता, कारकुनांच्या कचेरीत एका म्हाताऱ्यानं स्वतः जिवंत असल्याचा दाखला आणायला स्वतःच्याच मुलाला पाठवलं होतं. माझ्या आयुष्यात इंग्रजी कादंबऱ्या पुष्कळ झाल्या, पण माणसं कशी बोलतात हे मला त्या खिडकीनं शिकवलं. तो शेंगांचा खमंग वास आणि बाहेरून येणारं हसू मला आजही बाजाराच्या दिवशी आठवतं. दारूचा वासही आठवतो. तो मला तेव्हा आवडत नव्हता, आताही आवडत नाही.

आबांची मूत्रपिंडं दारूनं गेली, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला होता. गोळी आठवली तर घ्यायची, बरं वाटलं की बंद करायची. पेरणीच्या दिवसांत शेतावर राबून पाठ धरली की दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून शेंगदाण्यांसारख्या खायच्या. पाय सुजायला लागले तेव्हा "बूट घट्ट झाला" म्हणाले. जेवण नकोसं झालं तेव्हा "भाकर कच्ची हाय" म्हणाले. अकोल्याला तपासलं तोवर दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती.

मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटेच्या गाडीनं अकोला, संध्याकाळच्या गाडीनं परत. कंडक्टर आपल्या पाळीचे दिवस बदलून घेऊन त्या गाडीवर यायचे आणि ड्रायव्हरमागची जागा रुमाल टाकून धरून ठेवायचे. त्या गाडीत मात्र त्यांनी एकदाही "पुढं सरका" म्हटलं नाही.

मूत्रपिंड द्यायला तुमचे बाबा तयार होते. ते नुकतेच परदेशी नोकरीला लागले होते. मी नको म्हटलं. माझ्या तपासण्या जुळल्या. परवानगीच्या समितीसमोर मला एकटीला बसवून विचारलं, "बाई, तुमच्यावर घरच्यांचा दबाव नाही ना?" मी म्हटलं, "आमच्या घरात दबाव माझा असतो." समितीतले एक वयस्कर गृहस्थ खोकल्याचं निमित्त करून हसले. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. माझ्या डाव्या कुशीतलं मूत्रपिंड आबांच्या उजव्या ओटीपोटात बसवलं. तिसऱ्या दिवशी नर्सनं लघवीची पिशवी भरलेली दाखवली तेव्हा आबा ती बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "विहिरीले पानी लागल्यावानी वाटून राह्यलं."

घरी जाताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. शांत, हळू बोलणाऱ्या बाई. दारूबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. शरीर नव्या मूत्रपिंडाला परकं समजतं, घरचं कुत्रं पाहुण्यावर धावतं तसं त्याच्यावर धावून जातं, आणि या गोळ्या म्हणजे त्या कुत्र्याला धरून ठेवणारी साखळी आहे. ती रोज दोन वेळा, ठरल्या घडीला घालायची. ज्यांचं सगळं ठीक चाललंय अशा काहींना कधीमधी थोडी घ्यायची मुभा आम्ही देतो, पण तुम्हाला नाही, कारण तुमचा रक्तदाब चढा आहे आणि या औषधांनी साखरही वर जायला लागली आहे. दारूनं अंगातलं पाणी कमी होतं. यकृतावर ताण येतो, आणि या गोळ्याही यकृतातूनच जातात. घरगुती दारूत काय पडलंय ते काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पिणारा माणूस गोळीची वेळ विसरतो. हे सगळं त्या निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत म्हणाल्या. मी सगळं टिपून घेतलं.

आबा बाहेर येताच म्हणाले, "मले त्यातलं अर्धं समजलं नाई. थोडक्यात सांग."

आता माझी चूक सांगते. मी शिक्षिका. मुलींना लांबलचक उत्तर पाठ होत नाही, नेमकं एक वाक्य होतं, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. शिवाय आबांना भीती घालायला हवी असं मला वाटलं. मी म्हटलं, "गोळी आणि दारू एका पोटात गेली, की मूत्रपिंड गेलं." ते वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. घरी आल्यावर ठळक अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं. खाली रेघ मारली. माझं अक्षर चांगलं आहे, तुम्हाला माहीत आहे.

पहिली दोन वर्षं शिस्तीत गेली. माझी वही रोज भरे: वजन, रक्तदाब, लघवी किती, ताप आहे की नाही. नऊ आणि नऊ. अंगणातली बैठक मात्र मोडली. सोबती आधी भेटायला आले, आबांना संसर्ग नको म्हणून तोंडाला रुमाल बांधून, लांब बसून. मी चहा दिला. कपबशी हातात धरून चौघं असे बसले, जणू मुलगी पाहायला आलेत. मास्तर पावसावर बोलले. कारकून पावसावरच बोलले. मळेवाल्यांनी मिरच्या आणल्या होत्या, त्या कोणी काढल्याच नाहीत. पुढच्या बाजाराला दोघं आले, त्याच्या पुढच्या बाजाराला एकटे कंडक्टर, आणि मग कोणीच नाही.

पंचवीस वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं होतं. आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीशी वह्या घेऊन बसायचे तेव्हा बाहेर नुसतं कवठाचं झाड असायचं. आबा बाजेवर आडवे होऊन रेडिओ ऐकत. मला ते सहन होईना, पण तसं कबूल करण्याइतकी मी तेव्हा मोठी झाले नव्हते.

तिसरं वर्ष. माझ्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं.

आपली शेती इंझोरीच्या शिवारात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, ती पाहतात. आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो म्हसोबा. आषाढात पेरणी उरकली की त्याचं जेवण असतं: बोकड, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी. बायकांनी त्या जेवणाला जायचं नाही, स्वयंपाकही पुरुषच करतात. आणि जेवणाआधी घरातल्या थोरल्या पुरुषानं म्हसोबावर मोहाच्या दारूची धार धरायची, मग पळसाच्या द्रोणातून तीन घोट स्वतः घ्यायचे, एक देवाचा, एक वाडवडलांचा, एक बैलांचा. थोरल्यानं घोट घेतल्याशिवाय पंगत बसत नाही. सासऱ्यांनंतर हा मान आबांचा. आजारपणाच्या वर्षांत आणि शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं दिरांनी तो चालवला, पण मनातून त्यांना ते सलायचं. त्या दोन्ही वर्षी पाऊस मध्येच दडी मारून बसला होता, आणि गावात कोणीतरी बोलून गेलं होतं, की धाकट्यानं धार धरली, देवाले चाललं नाई.

दीर स्वतः आबांना न्यायला आले. "दादा, औंदा तुमीच या. दोन दिस राहा. वयनी, काय फिकर करू नोका. पानी उकळून देतो, मटनाचा रस्साबी देनार नाई, निसता रोडगा."

मी रोडग्याचा विचार केला, पाण्याचा केला, गर्दीचा केला. दोन दिवसांच्या गोळ्यांच्या चार पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर वार आणि वेळ लिहिली. शाळेत घटक चाचणी होती, मला निघता येईना. धारेचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. इतक्या वर्षांत मी त्या धुऱ्यावर कधी गेलेच नव्हते. तिथं काय काय होतं ते मला ऐकूनच माहीत, आणि माझ्या दृष्टीनं दारू म्हणजे कवठाच्या झाडाखालची दारू.

आबा तिसऱ्या दिवशी परत आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "पोट बिघडलं जरासं." जरासं म्हणजे आदल्या दिवसापासून जुलाब. मी साखर-मिठाचं पाणी दिलं, वजन पाहिलं. संध्याकाळपर्यंत ताप आला. नेहमीच्या मापानं लघवी निम्मीही नव्हती. त्यांचे कपडे धुवायला टाकताना बंडीचा खिसा जड लागला. आत चार पुड्या होत्या, जशा मी बांधल्या होत्या तशाच. वार, वेळ, सगळं.

मी त्या घेऊन बाजेपाशी गेले. "हे काय?"

त्यांनी पुड्यांकडे पाहिलं आणि अंगावर चादर ओढली.

"चार वेळच्या गोळ्या घेतल्या नाहीत?"

"मले आधी निजू दे वं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही नागपूरला पोचलो. रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाल्या. मूत्रपिंडावर शरीर उलटलं होतं. सुईनं तुकडा काढून तपासावा लागला. मग तीन दिवस नसेतून जोराची औषधं. त्या तीन दिवसांत मूत्रपिंड राहतं की जातं, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. "काका, खरं सांगा. गोळ्या का चुकवल्या? विसरलात?"

"इसरलो नाई, बाई."

"मग?"

आबांनी सांगितलं. म्हसोबाची धार, तीन घोट, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं जेवण, पुन्हा तीन घोट. "ते काई दारू पिनं नोहे, बाई. ते देवाचं हाय. बैठक नाई, मस्ती नाई, द्रोणभर बी नाई. पन पोटात तर गेली न. मंग गोळी कशी घेऊ?"

"म्हणजे?"

"आता हिलेच विचारा." आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी सरळ, शहाण्या विद्यार्थ्यासारखं. "हिनंच पाठ करून घेतलं. गोळी आन् दारू एका पोटात गेली का मूत्रपिंड गेलं. मंग म्या गोळी ठेवली. दोन दिस. तिचं मूत्रपिंड वाचवाले."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग नजर खाली केली. ते मला फार लागलं. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

मग त्या म्हणाल्या, "काकू, सहा घोटांनी मूत्रपिंड एवढं बिघडलं नसतं. चुकलेल्या चार वेळच्या गोळ्यांनी बिघडलं, आणि जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं त्यानं भर घातली. असं करणारे काका पहिले नाहीत. माणसं प्यायली की गोळी टाळतात, दोन्ही एकत्र नको म्हणून. चांगल्या मनानं टाळतात."

त्या गेल्यावर मी जे बोलले ते मला लिहावंसं वाटत नाही, पण आबांनी माझंही लिहायला सांगितलं आहे. मी म्हटलं, "ते माझं आहे. तुम्हाला वापरायला दिलंय, उडवायला नाही." माझी चूक उघडी पडल्यावर मी त्यांच्यावरच उलटले. आबा भिंतीकडे तोंड करून पडले. तिकडूनच म्हणाले, "घे मंग काढून. डॉक्टरीनबाई हायेच इथं."

आणि मग, मी रडते आहे हे पाहून, "पन टाके उसवताना तेवढं सांगजो, मले आधी दोन रोडगे खाऊ दे."

मी हसले. रडता रडता हसणं फार कुरूप दिसतं, शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई पाहत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं. मला तुम्हाला सगळं नीट सांगायला हवं होतं." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन, ते आबांना विचारा. त्यांनी मोजलेलं आहे, आणि मोजायला एक हात पुरतो.

तिसऱ्या दिवशी लघवी वाढली. आकडे खाली यायला लागले. मूत्रपिंड राहिलं. पूर्वीइतकं चांगलं मात्र पुन्हा कधी झालं नाही. मूत्रपिंड किती काम करतं ते ज्या आकड्यावरून कळतं, ते रक्तातलं क्रिएटिनिन जिथं होतं तिथं परत गेलं नाही, थोडं वर येऊन थांबलं, आणि आम्हाला सांगितलं गेलं, की आता हीच तुमची पायरी. इथून खाली घसरू द्यायची नाही.

घरी आल्यावर मी कपाटावरचा कागद फाडला. नवा लिहिला नाही. त्याऐवजी आम्ही दोघं बसलो आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं मी आबांना पहिल्यापासून सांगितलं, साखळीपासून यकृतापर्यंत, जेवढा वेळ लागला तेवढा लावून. ते मध्ये मध्ये विचारत होते, आणि त्यांचे प्रश्न माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा चांगले होते. "म्हंजे प्यालो तरी गोळी घ्याची?" "हो. काहीही झालं तरी गोळी घ्यायची. आणि प्यायचं नाही." "आन् प्यालोच तं?" "तर मला सांगायचं. मी रागावणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे दुसरं वाक्य त्यांना पहिल्यापेक्षा जास्त अशक्य वाटतंय.

एकदा त्यांनी माझी परीक्षाही घेतली. मळेवाल्यांच्या पुतण्याच्या लग्नाहून आले आणि म्हणाले, "एक घोट घेतला." मी ताटलीत भाजी वाढत होते. मी वाढतच राहिले. रक्तदाब पाहिला, नऊच्या गोळ्या हातावर ठेवल्या, वहीत लिहिलं. दोन दिवसांनी म्हणाले, "घेतला नोता. पाहून राह्यलो होतो, तू काय करते ते." त्या दिवशी मात्र मी रागावले.

दिरांनी त्या आषाढानंतर महिनाभर माझ्याशी नजर मिळवली नाही. पुढच्या वर्षी पेरणी होताच ते आणि गावातले दोन म्हातारे आपल्या घरी आले. ओसरीवर बसले. मला बाहेर बोलावलं, हे त्या घरात पहिल्यांदाच.

त्यातले वयानं मोठे होते ते म्हणाले, "बाई, देवाले धार पाह्यजे. त्यात सूट नाई. पन थोरल्याच्या पोटात काय जाते ते देव कायले पाह्यते? द्रोणात काय असावं ते आपन ठरवावं."

"काय ठरवलंत?"

दीर म्हणाले, "धार मोहाचीच. दादाच्या द्रोणात तुमचं पानी. तुमच्या हातचं उकळेल. तुमीच द्या भरून."

"पाऊस नाही आला तर?" मी विचारलं. मला खरंच भीती होती.

तेच म्हातारे मान हलवत म्हणाले, "पाऊस नाई आला तं मी हाय न बोलाले. आमच्या टायमाले किती डाव नाई आला. तवा तं समदेच पेत होते."

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. कोणी काही बोललं नाही. तेव्हापासून दर आषाढात मी एक बाटली पाणी वीस मिनिटं उकळून, गार करून, फडक्यात बांधून देते. धुऱ्यावर मी अजूनही जात नाही. द्रोणात पाणी पडतं तेव्हा ते कसं दिसतं ते मला माहीत नाही. आबा म्हणतात, मोहाचीही रंगानं पाण्यासारखीच असते, त्यामुळे पंगतीतल्या नव्या पोरांना काही फरक कळत नाही.

अंगणातली बैठक मीच पुन्हा बसवली. मी एकेकाच्या घरी गेले, हेही पहिल्यांदाच. कंडक्टरांना म्हटलं, "तुम्ही नाही आलात तर हे रेडिओशी भांडतात." ते म्हणाले, "वयनी, आमाले पाहून त्याले प्यावं वाटन, म्हनून येत नोतो." मी म्हटलं, "तुम्ही न आल्यानं त्यांना जास्त वाटतं." ते आले. पहिल्या दिवशी ताकाचे ग्लास भरताना त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "पुढं सरका," आणि सगळ्यांनी आबांकडे पाहिलं, मग आबाच म्हणाले, "सरका न बे, मांगं जागा हाय." परातीतल्या शेंगा मी भाजल्या होत्या. मिरच्या आबांसाठी मीठ लावून तव्यावर नीट परतलेल्या. मास्तर एकदा म्हणाले, "ताकात तशी मजा नाई, बाप्पा." आणि खरं आहे. नव्हती. त्यांची थट्टा पूर्वीइतकी चढत नव्हती, लवकर उठून घरी जात, आणि घरी जाऊन कोण काय पीत असे ते मी विचारलं नाही. पण खिडकीतून पुन्हा आवाज यायला लागला. मी वह्यांऐवजी वर्तमानपत्र घेऊन बसू लागले आणि खुर्ची ओढणं सोडून दिलं.

पुढं मास्तर गेले, मग कंडक्टर. कारकून मुलाकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. मळेवाल्यांच्या मळ्यात आता घरं झाली आहेत, मिरच्या ते कुंडीत लावतात. ही माणसं तुम्हाला दाखवायची राहून गेली, याचं मला फार वाईट वाटतं. ती कशी हसायची ते कागदावर उतरत नाही.

मधल्या, तुझ्यावर मी रागावलेली नाही. तुझे डॉक्टर खोटं सांगत नाहीत, ज्याला चालते त्याला चालते. आबांना चालत नाही. मूत्रपिंडाचं जे काही वाचलं ते काठावरचं आहे, आणि ते कशानं काठावर आलं ते आता तुम्हा तिघांना कळलं. तुम्हाला कोणाला कधी आयुष्यात जवळच्या माणसाला औषधाबद्दल काही समजावून सांगायची वेळ आली, तर वेळ लागला तरी सगळं सांगा आणि मग त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत विचारा. माझ्यासारखं पाठ करून घेऊ नका.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी तपासणी करून घेतली. आबांचा आकडा त्याच पायरीवर आहे, सोळा वर्षं झाली. माझा वयाच्या मानानं बरा आहे. मला दोन मूत्रपिंडं होती. एक माझ्यात आहे, एक त्यांच्यात आहे, आणि दोन्ही अजून काम करतात.